पानाचा पेहराव

हस्तलिखित पोथी उतरून काढणारा लेखनिक मजकुराबरोबर पानाचें रूपही ठरवीत असे. समास किती सोडावयाचा, तांबड्या शाईच्या रेघा कोठें ओढावयाच्या, अक्षर किती ठसठशीत काढावयाचें, हें सारें त्याच्याच हातीं असे. छापखाने निघाल्यावर हें काम खिळे जुळविणाऱ्याकडे गेलें. ग्रंथकारानें मजकूर द्यावा व मुद्रकानें त्याला वेष चढवावा, अशी वांटणी झाली. वाचकाच्या हातीं मात्र पोथीच्या काळीं कांहीं नव्हतें आणि छापील पुस्तक आल्यावरही कांहीं आलें नाहीं. कागदावर एकदां उमटलेलें अक्षर ज्याला बारीक वाटेल त्यानें चष्मा घ्यावा, एवढाच उपाय.

संगणकाच्या पडद्यावरील पानाची गोष्ट याहून निराळी आहे. तें पान अगोदर छापून ठेवलेलें नसतें. वाचक तें उघडील त्या क्षणीं त्याच्याच यंत्रावर तें नव्यानें जुळविलें जातें. मजकूर दुरून येतो, आणि त्याला कोणतें अक्षर, कोणता रंग, किती रुंदी द्यावयाची हें पाठविणारा जसें सांगूं शकतो तसेंच वाचणाराही सांगूं शकतो. त्यामुळें या पानाच्या जन्माबरोबरच एक वाद जन्मास आला, व तो अजून मिटलेला नाहीं. अनुदिनी अथवा ब्लॉग लिहिणारे लोक आज आपल्या पानांच्या तयार पेहरावाला 'थीम' म्हणतात. घटकाभरांत एक उतरवितात व दुसरी चढवितात. ही सोय ज्या वादांतून निपजली त्याचा वृत्तांत ऐकण्याजोगा आहे.

वेबचा जनक टिम बर्नर्स-ली हा इंग्रज शास्त्रज्ञ जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेंत काम करीत असे. १९९० सालच्या अखेरीस त्यानें पहिला ब्राउझर, म्हणजे पान उघडून दाखविणारी संगणकीय योजना, तयार केली. मजकुरांत घालण्यासाठीं त्यानें ज्या खुणा ठरविल्या त्या बहुतेक अर्थाच्या होत्या: हें शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. शीर्षक तांबडें कीं काळें, मधोमध कीं डावीकडे, याविषयीं त्या मौन धरीत. तें काम वाचकाच्या ब्राउझरकडे होतें, आणि बर्नर्स-लीच्या ब्राउझरांत वाचकाला तें आपल्या मनाजोगें बदलतांही येत असे. निरनिराळ्या यंत्रांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना एकमेकांचीं टिपणें वाचतां यावींत एवढाच हेतु असल्यामुळें कोणाची तक्रार नव्हती.

१९९३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांतून 'मोझेक' हा ब्राउझर बाहेर पडला. मजकुराच्या ओघांतच चित्रें दाखविण्याची त्याची हातोटी लोकांना भावली, आणि वर्तमानपत्रांच्या व जाहिरातींच्या धंद्यांत मुरलेली मंडळी या नव्या माध्यमाकडे वळली. कागदावर केसभरही अंतर चुकूं न देणाऱ्या या लोकांना, आपल्या पानाचें रूप आपल्या हातीं नाहीं, हें ऐकून धक्काच बसला. त्यांची मागणी अवाजवी होती असें म्हणवत नाहीं. मजकुराची मांडणी हाही सांगण्याचाच एक भाग आहे, हें कोणताही जाणता संपादक कबूल करील.

हा पेंच सोडविण्याची सर्वांत विचारपूर्ण सूचना होकोन ली या नॉर्वेजियन तरुणानें केली. तोही त्या वेळीं सर्नमध्येंच होता. बर्नर्स-लीशीं त्याचें नामसाम्य हा केवळ योगायोग. १० ऑक्टोबर १९९४ रोजीं त्यानें आपला प्रस्ताव प्रसिद्ध केला. मजकूर एका बाजूस ठेवावा आणि पेहरावाचे नियम निराळ्या पत्रकावर लिहावेत, हा त्याचा पाया. परंतु खरें नावीन्य पुढेंच होतें. एका पानाला एकच पत्रक नसून अनेक असावींत. लेखकाचें एक, वाचकाचें एक, आणि शिवाय ब्राउझरचें स्वतःचें एक. प्रत्येकानें आपला आग्रह किती हें शेंकडेवारीनें सांगावें. लेखकानें म्हणावें, शीर्षक अमुक आकाराचें असावें, पण माझा आग्रह शेंकडा चाळीस. उरलेला अधिकार इतरांसाठीं मोकळा. पायऱ्यापायऱ्यांवरून उतरणाऱ्या पाण्याप्रमाणें हे नियम एकांतून दुसऱ्यांत उतरत येतात, म्हणून या पद्धतीला 'कॅस्केडिंग स्टाइल शीट्स' हें नांव पडलें. सीएसएस हें त्याचेंच संक्षिप्त रूप.

शेंकडेवारीची ती युक्ति व्यवहारांत टिकण्याजोगी नव्हतीच. शीर्षकाच्या आकाराविषयीं शेंकडा चाळीस आग्रह म्हणजे नेमका किती, हें कोणा संपादकाला विचारून पाहावें! पण वाचक हाही पानाचा एक भागीदार आहे, ही त्यामागील दृष्टि दुर्मिळ होती. बर्ट बॉस हा डच संशोधक लवकरच लीला येऊन मिळाला, आणि दोघांच्या परिश्रमानें १७ डिसेंबर १९९६ रोजीं सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ति मान्य झाली. तींत शेंकडेवारी गेली होती. लेखक व वाचक दोघांनींही एखादा नियम 'महत्त्वाचा' म्हणून खूण करून सांगितला, तर लेखकाचा चालावा असें ठरलें. पुढें मे १९९८ मधील दुसऱ्या आवृत्तींत हा निर्णय उलटविण्यांत आला, व अशा प्रसंगीं वाचकाचा शब्द अखेरचा मानला गेला. ज्याची दृष्टि अधू आहे, ज्याला मोठ्या अक्षरांवांचून किंवा ठराविक रंगांवांचून वाचतांच येत नाहीं, त्याची अडचण लेखकाच्या हौसेपेक्षां मोठी आहे, हें त्या उलटापालटीचें कारण. एवढा मोठा न्यायनिवाडा एका तांत्रिक दस्तऐवजाच्या पोटांत झाला आणि बाहेर त्याची फारशी वार्ताही झाली नाहीं.

बाजार मात्र अशा निवाड्यांसाठीं थांबत नाहीं. लीच्या प्रस्तावानंतर अवघ्या तीन दिवसांनीं नेटस्केपचा ब्राउझर जाहीर झाला. त्याच्या चालकांनीं अर्थाच्या खुणांतच अक्षराचा आकार व रंग सांगणाऱ्या खुणा मिसळून दिल्या. लुकलुकणाऱ्या अक्षरांची खूणही त्यांचीच. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरनें १९९६ सालीं सीएसएसचा स्वीकार केला खरा, पण अर्धामुर्धा. एकच पत्रक दोन ब्राउझरांत दोन तऱ्हांनीं दिसे. म्हणून धंदेवाईक मंडळींनीं आडवाट धरली. आंकडेवारीचे तक्ते मांडण्यासाठीं असलेल्या रकान्यांत त्यांनीं सबंध पान कोंबलें, आणि अंतर राखण्यासाठीं डोळ्यांना न दिसणारें, एका ठिपक्याएवढें पारदर्शक चित्र ताणून पाचरीसारखें ठोकलें. डेव्हिड सीगल यानें १९९६ च्या आपल्या पुस्तकांत या युक्त्या शिकविल्या, व तें पुस्तक अफाट खपलें. पुढच्याच वर्षीं त्याच सीगलनें लेख लिहून, वेबची नासाडी झाली व ती आपणच केली, असें जाहीर केलें. अशा पानाचा रंग बदलावयाचा झाला तर शेंकडों ठिकाणीं हात घालावा लागे, आणि अंध वाचकाला पान वाचून दाखविणारें यंत्र त्या रकान्यांच्या चक्रव्यूहांत हमखास अडके.

या गोंधळांतून बाहेर काढणारी गोष्ट कोणत्याही मोठ्या कंपनीनें केली नाहीं. कॅनडांतील डेव्ह शी या तरुण आरेखकानें मे २००३ मध्यें 'सीएसएस झेन गार्डन' नांवाचें संकेतस्थळ उघडलें. त्यावर मजकुराचें एकच पान होतें. त्या मजकुरांत व त्याच्या खुणांत कानामात्रेचाही बदल करावयाचा नाहीं, फक्त स्टाइलशीट आणि चित्रें आपलीं द्यावयाचीं, असें आव्हान त्यानें जगभरच्या आरेखकांना दिलें. बघतां बघतां तेंच पान कोणी जपानी बागेसारखें केलें, कोणी नाटकाच्या भिंतीपत्रकासारखें, कोणी जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठासारखें. दोनशेंहून अधिक वेष त्या एका मजकुरावर चढविले गेले. एकच कसलेला नट एका रात्रीं राजा व दुसऱ्या रात्रीं भिकारी होऊन रंगभूमीवर यावा, आणि प्रेक्षकानें त्याला आवाजावरून ओळखावें, तसा तो प्रकार होता. सात वर्षें व्याख्यानांतून जें पटविलें जात होतें तें या एका बागेनें डोळ्यांपुढें उभें केलें.

अनुदिन्यांची लाट याच सुमारास उसळत होती. १९९९ सालीं 'ब्लॉगर' व २००१ सालीं 'मूव्हेबल टाइप' या योजना निघाल्या होत्या. लेख एका कोठारांत ठेवावयाचा व ठराविक सांच्यांत ओतून पान काढावयाचें, ही रीत त्यांनीं रूढ केली. परंतु सांचा बदलणें जाणकाराचें काम होतें. सामान्य लेखक दुसऱ्याच्या सांच्यांतील ओळी उचलून आपल्यांत घाली, व एखादी कंसाची खूण राहून गेली कीं सबंध पान कोलमडे. ब्लॉगरनें मे २००४ मध्यें डग्लस बोमन, डेव्ह शी, जेफ्री झेल्डमन अशा नामांकित आरेखकांकडून नवे सांचे करवून घेतले. त्याच महिन्यांत मूव्हेबल टाइपच्या नव्या आवृत्तीचे दर व अटी पाहून पुष्कळ लेखक नाराज झाले व दुसरें घर शोधूं लागले. त्यांना तें वर्डप्रेसमध्यें सांपडलें.

वर्डप्रेस ही मिशेल वाल्द्रिगी याच्या 'बी-टू' या बेवारस पडलेल्या योजनेवरून अमेरिकेंतील मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल या दोघांनीं २७ मे २००३ रोजीं काढलेली शाखा. मुलेनवेग त्या वेळीं एकोणीस वर्षांचा होता. जाझ संगीतकारांचीं नांवें आवृत्त्यांना देण्याच्या तेथील चालीप्रमाणें 'स्ट्रेहॉर्न' या नांवानें १७ फेब्रुवारी २००५ रोजीं जी १.५ ही आवृत्ति निघाली, तींत थीमची व्यवस्था प्रथम आली. ती समजावयास अगदीं सोपी होती. एक कप्पा, त्यांत किमान दोन कागद. एक स्टाइलशीट, जिच्या माथ्यावर थीमचें व कर्त्याचें नांव. दुसरा सांचा, जो कोठारांतील लेख एकामागून एक काढून पानावर मांडतो. मथळा, तळ, बाजूची पट्टी यांसाठीं हवे तर निराळे कागद. लेखांना हात न लावतां कप्पा बदलला कीं घर रंगविल्यासारखें सारें संकेतस्थळ पालटे. झेन गार्डनमध्यें जें कसबी लोकांनीं करून दाखविलें तें आतां कोणाही गृहस्थाला एका कळीनें साधूं लागलें.

त्या आवृत्तीबरोबर आलेली मूळ थीम मायकेल हाइलेमान या डॅनिश आरेखकाची. तिचें नांव 'क्युब्रिक', प्रसिद्ध चित्रपटदिग्दर्शकावरून ठेवलेलें. निळा मथळा, गोलसर कोपरे, मंद सांवली. ती नीटस होती; एवढी नीटस, कीं बहुतेकांनीं ती बदललीच नाहीं. २०१० च्या जूनमध्यें 'ट्वेंटी टेन' या थीमनें तिची जागा घेईपर्यंत, पांच वर्षें, लाखों निरनिराळ्या माणसांचीं मनोगतें त्या एकाच निळ्या मथळ्याखालीं वाचावीं लागलीं. ज्यांनीं बदल करूं पाहिला त्यांना दुसराच अनुभव आला. कोपऱ्यांचा गोलवा व कडांची सांवली हीं चित्रांत रंगविलेलीं असल्यामुळें, पानाची रुंदी बोटभर वाढवावयाची तरी सारीं चित्रें पुन्हां काढावीं लागत. शिवाय थीमच्या कागदांत हातानें केलेली दुरुस्ती तिची नवी आवृत्ति येतांच पुसली जाई. यावर 'चाइल्ड थीम' हा तोडगा निघाला. मूळ थीम जशीच्या तशी ठेवावयाची, व आपले फेरफार तेवढे एका छोट्या, निराळ्या कप्प्यांत लिहावयाचे. मूळ वाड्याला धक्का न लावतां पडवी काढावी तसें हें होतें, आणि आजही हाच शहाणपणाचा मार्ग समजला जातो.

फुकट मिळणाऱ्या वस्तूला बाजार लवकर चिकटतो. २००७ च्या सुमारास कित्येक फुकट थीमच्या तळाशीं भलत्याच दुकानांचे दुवे दडविलेले आढळूं लागले. कांहींनीं तो भाग सांकेतिक अक्षरांत असा गुंडाळला होता कीं सामान्य लेखकाला तो वाचतांही येऊं नये, आणि काढावयास गेल्यास पानच बंद पडावें. आपल्या घरच्या पाटीवर परक्याची जाहिरात लागली आहे, याचा बिचाऱ्याला पत्ताही नसे. वर्डप्रेसच्या चालकांनीं पुरस्कृत दुव्यांच्या थीम आपल्या संग्रहांतून काढून टाकल्या.

याहून खोल वाद हक्कांचा झाला. वर्डप्रेस 'जीपीएल' या परवान्याखालीं दिली जाते. ती कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी, वांटावी. मात्र तिच्यापासून निपजलेली वस्तु वांटतांना त्याच अटी पुढच्यालाही द्याव्या, असा त्याचा दंडक. थीम ही निपजलेली वस्तु कीं स्वतंत्र निर्मिति? २००९ सालीं 'सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर' या विधिज्ञांच्या संस्थेनें मत दिलें कीं, थीममधील सांचा चालविणारा भाग वर्डप्रेसमध्यें इतका गुंतलेला असतो कीं त्याला तोच परवाना लागू होतो; स्टाइलशीट व चित्रें मात्र आरेखक स्वतःच्या अटींवर देऊं शकतो. 'थीसिस' ही लोकप्रिय थीम विकणारा क्रिस पिअर्सन याला हें मान्य नव्हतें. जुलै २०१० मध्यें त्याची व मुलेनवेगची जाहीर खडाजंगी झाली, प्रकरण कोर्टाच्या उंबरठ्यापर्यंत आलें, आणि त्याच महिन्यांत पिअर्सननें सांच्याचा भाग जीपीएलखालीं दिला. कारागिराची बाजू अगदींच पोकळ नव्हती. ज्यानें रात्री जागून वेष शिवला त्याला त्याचें मोल मिळालेंच पाहिजे. परंतु ज्यानें तो विकत घेतला त्याला शिवण उसवून पाहण्याची बंदी झाली असती, तर वर सांगितलेले दडविलेले दुवे कोणाला कधीं सांपडले असते?

त्यापुढील वाटचाल झपाट्याची आहे. ईथन मार्कोट यानें मे २०१० मध्यें पडद्याच्या रुंदीप्रमाणें आपोआप आकार बदलणाऱ्या पानाची पद्धति मांडली, आणि हातांतल्या फोनसाठीं निराळें संकेतस्थळ ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. २०१२ सालीं वर्डप्रेसमध्यें बदल करतांनाच त्याचा परिणाम शेजारीं दिसण्याची सोय झाली. डिसेंबर २०१८ मध्यें मुद्रणकलेच्या आद्य आचार्याचें नांव घेऊन 'गुटेनबर्ग' हा नवा संपादक आला, व जानेवारी २०२२ पासून मथळ्यापासून तळापर्यंत सारें पान ठोकळे मांडून रचतां येऊं लागलें. जगांतील दर शंभर संकेतस्थळांपैकीं चाळीसांहून अधिक आज वर्डप्रेसवर चालतात, असें मोजणी करणारे सांगतात.

आणि वाचक? लीनें त्याला देऊं केलेला वांटा बहुतेक ब्राउझरांनीं अडगळींत टाकला. गूगलच्या क्रोमनें तर वाचकाच्या स्टाइलशीटची सोय २०१४ सालीं काढूनच टाकली. तरी तो स्वस्थ बसला नाहीं. २००९ सालीं 'रीडेबिलिटी' या छोट्या साधनानें आणि २०१० सालीं ॲपलच्या सफारी ब्राउझरनें एक कळ दिली. ती दाबली कीं लेखकाचा सारा थाटमाट गळून पडतो व उरतो साधा मजकूर, वाचकाला हव्या त्या आकारांत. आज ती बहुतेक ब्राउझरांत आहे. लेखकांनीं व जाहिरातवाल्यांनीं पानावर एवढी गर्दी केली नसती, तर तिची गरज कितीशी भासली असती हा प्रश्नच आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीनें या इतिहासाला आणखी एक पदर आहे. आरंभीं देवनागरीला वेब म्हणजे परमुलूखच होता. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली, तरी ती घरोघर पोंचावयास वर्षें लागलीं. तोंपर्यंत प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट आपापला. तो आपल्या यंत्रावर उतरवून घेतला नसेल तर मराठी बातमीच्या जागीं रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी दिसे. ही कोंडी फुटण्यास 'मंगल' या फॉन्टचा मोठा हात लागला. विंडोज २००० बरोबर आलेल्या या फॉन्टचे कर्ते प्रा. र. कृ. जोशी; मुंबईच्या आयआयटींत अध्यापन केलेले, सुलेखनकार आणि कवि. मराठी अनुदिन्यांची पहिली पिढी जवळजवळ सबंध मंगलवर वाढली. पुढें मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनीं 'मुक्ता', 'बालू' असे सुबक फॉन्ट सर्वांसाठीं मोकळे केले, आणि निवडीला वाव मिळाला.

परंतु थीम रचणारा बहुधा रोमन लिपी डोळ्यांपुढें ठेवून रचतो, आणि त्याचा कपडा देवनागरीच्या अंगावर काखेंत काचतो. रोमन मथळा ऐटदार दिसावा म्हणून तो अक्षराक्षरांत अंतर घालतो. देवनागरींत त्याच नियमानें शिरोरेषा तुटून तिचे तुकडे लोंबकळतात. निर्णयसागरी छपाईच्या परंपरेंत वाढलेल्या डोळ्याला तें पाहवत नाहीं. दोन ओळींतील अंतर तो आपल्या बेताचें ठेवतो. मग 'मूर्तींना' मधील रफार व अनुस्वार वरच्या ओळींत घुसतात, 'राष्ट्रीय' मधील जोडाक्षराचें पाऊल खालच्या ओळीवर पडतें, आणि चौकट आंखूड असली तर वेलांटीचा माथाच छाटला जातो. तिरप्या अक्षरांचा नियम लागला कीं, फॉन्टांत तसें वळण नसल्यास, ब्राउझर सरळ अक्षरें नुसतीं कलंडून देतो. लेखाचें पहिलें अक्षर मोठें करण्याची हौस तर विशेष घातक; 'स्त्री' या शब्दाचे लचके तोडलेलीं पानें पाहावयास मिळतात.

हे सारे दोष सुधारणें मात्र अवघड नाहीं, आणि त्यासाठीं दुसरी थीम विकत घ्यावी लागत नाहीं. चाइल्ड थीमच्या स्टाइलशीटमध्यें अक्षरांतील अंतर शून्य करावें, ओळींतील अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडें अधिक धरावें, पहिल्या अक्षराचा नियम काढून टाकावा. एक गोष्ट मात्र स्टाइलशीटमध्यें नसून पानाच्या माथ्यावर असते. तेथें मजकुराची भाषा लिहावयाची जागा असते. मराठी वळणाचा 'ल' व 'श' हिंदी वळणाहून निराळा. कांहीं फॉन्टांत दोन्ही घाट ठेवलेले असतात, आणि कोणता काढावयाचा हें ब्राउझर त्या जागेवरील भाषेवरून ठरवितो. पुष्कळ मराठी संकेतस्थळांवर तेथें अजून इंग्रजीच लिहिलेली असते. चांगल्या थीममध्यें ती जागा वर्डप्रेसच्या भाषेच्या निवडीशीं जोडलेली असते, व तेथें मराठी निवडणें हें अर्ध्या मिनिटाचें काम आहे. थीमच्या कर्त्यानें ती इंग्रजीवरच बांधून टाकली असेल, तर मथळ्याच्या कागदाची प्रत चाइल्ड थीममध्यें घेऊन ती एक ओळ हातानें बदलावी लागते.